मणीमाळेची वाट

"काय गो, आलीस?"

वैदेही येमूल मला असं म्हणाली. गो! पाचवीपासून जिच्या प्रत्येक वाक्याला 'बे'चं शेपूट असतं, जी एकदा चुकून मुख्याध्यापकांनाही "हो बे सर" म्हणून गेली होती, ती वैदेही. मी वर्गात दोन पावलं टाकून तशीच उभी राहिले. माझ्या जागेवर, खिडकीकडच्या, जिथं बाकावर कर्कटकानं 'गौ-वै' कोरलंय त्या जागेवर, अबोली नाटेकर बसली होती.

अबोली गुहागरची. वडिलांची बदली झाली म्हणून नववीच्या ऐन मध्यात आमच्या चादरींच्या गावात येऊन पडलेली. नाव अबोली, तोंड मात्र सकाळी सुरू केलेला रेडिओ. समुद्र असा, फणस तसा, आमच्याकडे गो असं नसतं. आणि वैदेही ऐकायची! हनुवटी हातावर टेकून, पापणी न हलवता. माझी स्वप्नंसुद्धा तिनं कधी इतक्या लक्ष देऊन ऐकली नव्हती.

"सरक, ती गौरीची जागा आहे," वैदेही म्हणाली.

अबोली लगेच सरकली. हसून सरकली. भांडली असती तर किती बरं झालं असतं! मी रिक्षात बसल्या-बसल्या चांगली दोन-तीन वाक्यं तयार करून आणली होती.

मी गौरांगी बिराजदार. जूनपर्यंत मला फळ्याजवळ बोलावलं की हातातला खडू घामानं ओला व्हायचा. उत्तर येत असायचं, तोंडातून निघायचं नाही. वैदेही माझा हात मनगटाला धरून वर करायची आणि ओरडायची, "मॅडम, हिला येतंय!" असं तिनं किती वेळा केलं असेल. मग जिल्ह्याच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत माझं नाव लागलं, सूचना फलकावर फोटो लागला (डोळे मिटलेले, पण फोटो), आणि आता मागच्या बाकावरचे सगळे "गौरे, हा एरर काय म्हणतोय बघ की" करत माझ्याकडे येतात. मला ते लई आवडतं. का नाही आवडणार? इतकी वर्षं गप्प बसलेलं माणूस बोलायला लागलं की पोटात कसं नगारे वाजल्यासारखं होतं!

आणि अशा वेळी ही रेडिओ आली.

*

मणीमाळ तुम्ही पाहिली नसेल तर सांगते. बोराएवढे धातूचे मणी. प्रत्येकाला केसासारखे पाय, ओल हुंगणारं नाक आणि सळसळ ऐकणारा बारीकसा कान. मणी एकमेकांना चुंबकानं धरून चालतात म्हणून माळ. ही माळ पाण्याच्या पाइपात सोडायची. फाटा आला की माळ मधोमध तुटते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पुढे आणखी फाटा, आणखी तुकडे. फिरता-फिरता पाइप कुठं फुटलाय, बाहेरची ओल कुठून आत येतेय ते शोधायचं. मणी बोलतात ते पाइपाच्या लोखंडातूनच. त्यांची कुजबुज वर रस्त्यावर ठेवलेल्या पेटीला ऐकू येते आणि पेटीवरून आमच्या पडद्यावर येते.

मोठ्या शहरांत पाइप चोवीस तास भरलेले असतात. तिथं मणीमाळ बुडते. आमच्याकडं पाणी पाळीनं येतं. पाळीच्या दिवशी ठरल्या वेळी पाणी सुटतं, गल्लीभर पिंपं आणि घागरी भरतात आणि मग पुढच्या पाळीपर्यंत पाइप कोरडे ठणठणीत. ज्या गोष्टीची पाहुण्यांसमोर लाज वाटते, तीच मणीमाळेला सोयीची! म्हणून यंदा एक माळ आमच्या शाळेला मिळाली. तिला चालवायचा प्रोग्राम नववीनं लिहायचा. हीच आमची परीक्षेची असाइनमेंट.

हत्तुरे मॅडम फळ्यावर कमी लिहितात आणि आम्हाला पळवतात जास्त. त्या दिवशी त्यांनी आम्हा आठ जणांना हात धरून व्हरांड्यात ओळीत उभं केलं.

"तुम्ही माळ. सूचना एकच. पुढं जा. फाटा आला तर निम्मे-निम्मे व्हा आणि दोन्ही निम्म्यांनी हीच सूचना पाळा. भिंत लागली तर आल्या वाटेनं परत या."

"मॅडम, म्हणजे सूचनेच्या पोटात तीच सूचना?" अबोलीनं विचारलं. हात वर न करता.

"बरोब्बर! फंक्शन स्वतःलाच हाक मारतं. याला म्हणतात रिकर्जन. आणि 'भिंत लागली तर परत' हे विसरलात, तर हाक मारतच राहील, मारतच राहील, आणि तुम्ही बार्शीला पोचाल. चला!"

निघालो. जिन्यापाशी व्हरांड्याला फाटा फुटला. आठाचे चार-चार. आणि ओळ तुटली ती नेमकी माझ्या आणि वैदेहीच्या हातांमधून. तिच्या दुसऱ्या हातात अबोलीचा हात होता. त्या दोघी खिदळत जिना चढून गेल्या आणि मी प्रयोगशाळेच्या बंद दारावर आपटून परत आले.

परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता खरी मेख. 'आल्या वाटेनं परत' म्हणताय, पण आल्या वाटेची आठवण ठेवायची कुठं? दोन जागा आहेत. एक, हा व्हरांड्यातला फळा. सगळ्यांना दिसतो, कुणीही यावं, लिहावं, पुसावं. हा ग्लोबल व्हेरिएबल. दुसरी जागा तुमचा तळहात. ज्याचा त्याला. माळ तुटली की हातावरचं दोघांनी उतरवून घ्यायचं आणि पुढं ज्यानं त्यानं आपलं लिहायचं. हा लोकल. कुठं काय वापरायचं ते डोकं चालवून ठरवा."

गट दोघा-दोघांचे होते. वर्गात मुलं विषम, एक जण उरणारच. मॅडमनी वर्गावर नजर फिरवली तेव्हाच मी वही चेहऱ्यासमोर धरली.

"अबोली, तू गौरांगी-वैदेहीत जा."

*

आम्हाला मिळाली वैदेहीचीच गल्ली. तिनंच मागून घेतली. गेल्या वर्षी तिच्या वडिलांना, नानांना, कावीळ झाली. मागावर उभं राहणारा माणूस दोन महिने खाटेवर. पाळीच्या पाण्याला सुरुवातीला वास येतो, रंग येतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. पाइप कुठंतरी फुटलाय. पण कुठं? वरून रस्ता कोरा करकरीत काँक्रीटचा, खोदायची परवानगी एकाच खड्ड्याची. खड्डा चुकला तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्षभर उकळलेलं पाणी.

"मला मार्क नकोत बे," वैदेही म्हणाली होती. "मला ती भोकाची जागा पाहिजे."

बे! मला म्हणाली होती. अबोलीला नाही.

आम्ही तिच्या घरी जमायचो. मी दार वाजवलं की वैदेही आतूनच ओरडायची, "आली गौरी!" कारण आमची एक खूण आहे. टक-टक, मग थांबायचं, समोरच्याला वाटलं पाहिजे की संपलं, आणि मग एक शेवटचा टक. पाचवीत तिला गोवर आला होता आणि मला घरात घेत नव्हते, तेव्हा बंद दाराच्या दोन बाजूंनी आम्ही हे वाजवत बसायचो. जगात दोघींनाच येतं. घंटी असूनही मी कधी दाबली नाही.

अबोली घंटी दाबायची. मला तेवढंच समाधान.

वैदेहीनं गल्लीचा नकाशा भरला. मी मुख्य फाइल घेतली. शोधाचं फंक्शन अबोलीनं लिहिलं, वैदेहीच्या आईनं, अम्मानं, दिलेली शेंगाची पोळी एका हातात धरून, दुसऱ्या हातानं. मी वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्या लूपच्या पद्धतीनं जे दोन पडदे भरून झालं असतं, ते तिनं वीतभर जागेत बसवलं होतं. फाटा आला की फंक्शन स्वतःला दोनदा हाक मारत होतं आणि प्रत्येक हाकेबरोबर 'वाट' नावाची यादी हातात देत होतं. इतकं नीटनेटकं होतं की मला त्याचा राग आला.

"भारी!" वैदेही ओरडली. "गौरे, बघितलंस? भारी ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण ही 'वाट' सारखी हातातून हातात द्यायची कशाला? मुख्य फाइलमध्ये वर ठेवू. एकदाच. ग्लोबल. सगळे तुकडे तिथूनच वाचतील."

मुख्य फाइल माझी. म्हणजे तिच्या त्या देखण्या फंक्शनला पावला-पावलाला माझ्या दाराशी यावं लागणार होतं. मला हे आतून माहीत होतं आणि छान वाटत होतं.

अबोलीनं पोळी खाली ठेवली. "पण गो, खऱ्या पाइपात दोन्ही तुकडे एकाच वेळी चालणार ना? दोघं एकाच यादीत लिहायला लागले तर?"

"सिम्युलेटरवर चालवून बघू की."

चालवलं. पडद्यावरची माळ गेली, तुटली, फिरली आणि शहाण्यासारखी परत आली. हिरवी खूण. पुन्हा चालवलं, पुन्हा हिरवी.

"बघ," मी म्हटलं.

अबोली काहीतरी बोलणार होती, पण वैदेहीच मध्ये पडली. "गौरीला माहितीये. तिचं असलं कधी चुकत नाही."

ते वाक्य मी पेपरमिंटसारखं गालात धरून घरी आले.

*

पाळीचा दिवस. पाणी चारला सुटणार होतं. मॅडम म्हणाल्या, दुपारी माळ सोडू, तासाभरात बाहेर, आणि मग गल्लीचं पाणी गल्लीला.

गल्लीत एकीकडे मागांची खटाखट, दुसरीकडे दारोदारी मांडलेली पिंपं. गल्लीच्या तोंडाशी, जिथं मोठ्या पाइपाचं झाकण आहे, तिथं मॅडमनी पेटी ठेवली. मी माळ आत सोडली. मणी सुळसुळ करत अंधारात गेले. बघायला आलेल्या बायकांमधली एक म्हणाली, "अगंबाई, गोमच की!"

पडद्यावर ठिपके पहिल्या फाट्याला आले. तुटले. दुसरा फाटा. तुटले. वैदेही माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. मागची सगळी मत्सराची जळजळ त्या एका हनुवटीनं शांत केली.

"ओल!" ती किंचाळली. पडद्यावर 'ओल'चा आकडा शून्याचा एक झाला, मग दोन. "सापडलं बे! कुठाय? जागा दाखव!"

मी जागा मागितली. जागा म्हणजे 'वाट', पेटीपासून तिथवर कुठं-कुठं वळलो त्याची यादी. यादी आली. डावीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, उजवीकडे… ती लांबतच गेली. इतकी वळणं अख्ख्या गल्लीत नव्हती. या यादीप्रमाणे पाइप रेल्वे रुळांखालून जाऊन तलावात फुटला होता.

मी 'परत'ची आज्ञा दिली.

आणि मग ठिपके हरवले. म्हणजे दिसत होते, पण जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोरांसारखे. एक तुकडा फाट्याशी यायचा, यादीतलं शेवटचं वळण वाचायचा आणि ते वळण दुसऱ्याच तुकड्यानं लिहिलेलं असायचं. मग तो भलतीकडे. तो गेला की तिसरा येऊन तीच ओळ पुसायचा. सिम्युलेटरमध्ये एक तुकडा पुरता फिरून येईपर्यंत दुसरा हलत नव्हता, म्हणून माझा फळा तिथं टिकला. खऱ्या पाइपात सगळे एकदम चालत होते. सगळे एकदम माझ्या फळ्यावर लिहीत होते, सगळे एकदम पुसत होते. जिची भीती अबोलीनं पोळी खाली ठेवून सांगितली होती, तीच गोष्ट.

मी तिच्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी वाट बघत होते, म्हण, म्हण आता, 'मी सांगितलं होतं' म्हण. म्हणजे मला तिचा मोकळेपणानं राग तरी करता येईल.

"काय झालंय?" मॅडमनी विचारलं. "'वाट' ग्लोबल कुणी ठेवली?"

"आम्ही तिघींनी मिळून, मॅडम," अबोली म्हणाली.

म्हणजे चांगुलपणासुद्धा हिचाच! मला रडू आलं ते माळ हरवली म्हणून आलं की याचं, देव जाणे.

वैदेहीची हनुवटी माझ्या खांद्यावरून उठली होती. "तिघींनी नाही," ती म्हणाली. "गौरे, हिनं सांगितलं होतं ना बे तुला? माझ्यासमोर सांगितलं होतं. का नाही ऐकलंस?"

मी काय सांगणार? की तुझ्या तोंडात 'गो' आला म्हणून?

मॅडमनी घड्याळ बघितलं. "चारला पाणी सुटलं की मणी गेले. कुठंतरी अडकून पाइपही तुंबेल. व्हॉल्व्हवाल्यांना फोन करून पाणी थांबवते. पण मग या गल्लीची पाळी गेली. पुढच्या पाळीपर्यंत थेंब नाही."

पिंपापाशी उभ्या असलेल्या अम्मानं हातातली घागर खाली ठेवली. वैदेहीनं ती घागर बघितली आणि मग माझ्याकडे बघितलंच नाही.

*

माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायचं तर, सगळ्यात आधी आला जुना जून महिना. तोंड बंद, खडू ओला. घरी पळावं. मनगट धरून हात वर करणारं कुणी शेजारी नव्हतं.

मग माझा हात मीच वर केला. खरंच केला, वर्गात करतात तसा, भर रस्त्यात.

"मॅडम, फोन करू नका. अजून अर्ध्या तासाच्या वर वेळ आहे. त्यांना वाट माहीत नाही ना? मग वाट नकोच. त्यांना कान आहेत. आपण इथं पाइपावर ठोकलं, तर फाट्याशी दोन्हीकडं कान लावून जिकडे आवाज मोठा तिकडे ते येतील. कुणाला काही विचारायला नको. ज्याचं त्यानं ठरवायचं."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "मागांच्या खटाखटीत ऐकू येईल?"

"माग थांबवले तर—"

वैदेही धावत सुटलीही होती. "नाना! माग बंद! सगळ्यांना सांगा, माग बंद करा!" तिचा आवाज गल्लीत लांब जात राहिला. एक माग थांबला. कुणीतरी ओरडलं, "काय झालं, कोण गेलं का?" दुसरा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गल्लीत कावळ्याचा आवाज ऐकला.

मी टाइप करायला बसले. लूप सुचेना. लूपला सगळ्यांवर नजर ठेवणारं कुणीतरी वर बसलेलं लागतं आणि तेच तर मोडलं होतं. पाहिजे होतं ते एवढंसं, प्रत्येक मण्याच्या मुठीत मावणारं. एक पाऊल टाक, मग पुन्हा हेच कर. म्हणजे रिकर्जन. तिचं. ज्याला मी इतके दिवस हात लावला नव्हता ते.

"अबोली." मी पडद्यावरची नजर न काढता हाक मारली. "तू पहिल्या दिवशी लिहिलेलं. प्रत्येक हाकेबरोबर वाट हातात द्यायची ते. ती ओळ दे ना."

"आता कशाला? परत तर ते आवाजानं येतील गो."

"येताना आपापली पावलं हातावर लिहीत येतील. ज्या पावलाला ओल लागेल त्याच्यावर खूण. भोकाची जागा कळेल. वैदेहीला तीच पाहिजे."

अबोलीचे डोळे एवढे मोठे झाले. तिनं ओळ सांगितली. मी लिहिली.

घरी(वाट):
    जिकडे ठोका मोठा, तिकडे एक पाऊल
    घरी(वाट + हे पाऊल)

"आणि थांबायचं कधी?" अबोलीनं माझ्या मागून वाचत विचारलं.

अरे देवा. बार्शी! मी सगळ्यात वर लिहिलं, 'जर तोंडाशी पोचलास, तर वाट सांग आणि थांब.'

आता ठोकायचं. मॅडम व्हॉल्व्हवाल्यांना चारच्या आधी पाणी सोडू नका म्हणून फोनवर सांगत होत्या, वैदेही गल्लीच्या पार टोकाला. माझे हात कीबोर्डवर, कारण तुकड्या-तुकड्याला नवी आज्ञा पाठवायची होती. राहिली अबोली. तिनं दगड उचलला आणि पाइपावर मारायला लागली. टक टक टक टक.

"तसं नको!" मी म्हटलं. "कुणी भांडं आपटलं, कुठं पंप चालला, तरी टक टकच वाजतं. मणी त्याच्या मागं जातील. काहीतरी वेगळं वाजव. जे दुसरं कुणीच वाजवत नाही असं."

"म्हणजे कसं?"

मला माहीत होतं कसं. अख्ख्या जगात दोघींना माहीत होतं. मी पडद्याकडे बघितलं. एक तुकडा एकाच फाट्याभोवती गोल-गोल फिरत होता. अम्माची घागर तशीच जमिनीवर होती.

सांगू नये असं मला किती वाटलं म्हणून सांगू! बाक घे, 'गो' घे, रिकर्जन घे, चांगुलपणा घे. पण हे?

"टक-टक," मी म्हणाले. "मग थांबायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे, संपलं. मग एक शेवटचा. टक."

तिनं मारलं. टक-टक-टक.

"थांब की मधे!"

"थांबले की!"

"अजून थांब!"

टक-टक. टक. पुरेसं नव्हतं, पण जवळपास. मी तोच ठोका आज्ञेत टाकला आणि पाठवला. पहिला ठिपका थबकला. कान लावल्यासारखा. मग वळला. मग दुसरा. कुठल्या-कुठल्या कोपऱ्यांतून, कुणाला काही न विचारता, आपापल्या हातावर लिहीत, एकेक तुकडा आमच्याकडे निघाला. वाटेत दोघं भेटले की चिकटले, पण हातावरचं ज्याचं त्याच्याकडेच ठेवून. झाकणातून पहिला मणी बाहेर आला तेव्हा त्या मघाच्या बाई म्हणाल्या, "आली गं बाई गोम घरी!" आणि गल्ली हसली.

दोन तुकड्यांच्या वाटांवर ओलीची खूण होती. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी पडत होत्या, पिठाच्या गिरणीसमोर, गटार पाइपावरून ओलांडतं तिथं.

वैदेही गल्लीच्या टोकाकडून धापा टाकत आली. तिला लांबूनच ठोका ऐकू आला असणार, कारण ती माझ्याकडे हसत येत होती. मग तिनं दगड कुणाच्या हातात आहे ते बघितलं. थांबली.

"शिकवलंस हिला?"

"हो."

"सगळं?"

"मधलं थांबणं जमत नाही तिला," मी म्हटलं.

वैदेहीनं आधी मिठी मारली ती अबोलीला. ती जवळ होती म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. मला मारली ती नंतर, पण ती मोठी होती. मी मोजत नव्हते. बरं, मोजत होते.

चारला पाणी सुटलं. त्या पाळीलाही उकळूनच प्यावं लागलं. पण पुढच्या पाळीच्या आत गिरणीसमोर खड्डा झाला, एकच, आणि पाइपाला पडलेली बोटभर चीर नानांनी स्वतः वाकून बघितली.

मॅडमनी मार्क कापले. 'वाट' ग्लोबल ठेवली म्हणून. "'ओल'चा आकडा मात्र ग्लोबल ठेवलात ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "बेरीज सगळ्यांची एकच असते. फळा वाईट नसतो गं. फळ्यावर काय लिहायचं ते कळलं पाहिजे." मग 'घरी' फंक्शनसाठी कापलेले मार्क परत दिले आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

मी तोंड उघडायच्या आत अबोली म्हणाली, "गौरीनं."

"दोघींनी," मी म्हटलं. चांगुलपणा काय तिनं एकटीनंच करायचा?

*

रविवारी दुपारी आई-बाबा बाहेर गेले होते. मी एकटीच पंख्याखाली पडले होते आणि वैदेही आत्ता काय करत असेल, कुणाबरोबर करत असेल, याचा हिशोब चालला होता. ती जळजळ गेली म्हणाल तर नाही गेली. येते. फाटा आला की येतेच.

दार वाजलं.

टक-टक-टक.

मी धावत उठले आणि अर्ध्या वाटेत थांबले. वैदेहीनं असं वाजवलं नसतं. कडी काढली. बाहेर अबोली. हातात डबा, केस वाऱ्यानं विस्कटलेले.

मी तिच्या मागं बघितलं. जिना रिकामा होता.

"वैदेही?"

"ती नाही आली. मी एकटीच आले. आईनं तांदळाचे घावणे केले होते, म्हटलं तुला द्यावेत." ती नेहमीसारखं हसली, पण जरा घाबरून. "चालेल ना गो?"

मी दार लावून घेतलं. तिच्या तोंडावर. कडीसुद्धा घातली.

रेडिओ बंद.

"परत वाजव," मी आतून म्हटलं.

"काय?"

"परत वाजव बे. आणि मधे थांब. नीट."

मग टक-टक. मग ती थांबली. इतकी थांबली, इतकी थांबली, की मला वाटलं गेली. मी घाईनं कडीला हात घातला.

टक.